पाय टेकण्याचा हक्क

बंजारा समाजात एका ताम्रपटाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. 1630 च्या सुमारास शहाजहानचा वजीर असफखान विजापूरवर चालून दक्षिणेत आला. त्याच्या फौजेचं धान्य भंगी आणि झंगी या दोन नायकांच्या बैलांवर लादून येत होतं. बैल होते म्हणे एक लाख ऐंशी हजार. एवढी जनावरं मुक्कामाला उतरली की गावकऱ्यांशी तंटे ठरलेलेच. म्हणून वजिराने तांब्याच्या पत्र्यावर सोन्याच्या अक्षरांत सनद कोरून दिली: पाणी मिळालं नाही तर रांजणातलं घ्यावं, वैरण मिळाली नाही तर छपराचं गवत काढावं, आणि दिवसाला तीन खून माफ. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर 1916 साली जो मोठा ग्रंथ काढला, त्यात ही हकिकत नोंदलेली आहे.

तिसऱ्या कलमाने आज अंगावर काटा येतो. पहिली दोन मात्र सावकाश वाचण्यासारखी आहेत. त्यांत नायकाचं गोत्र नाही, कूळ नाही, मूळ गाव नाही. हा माणूस जिथे उतरेल तिथे त्याला पाणी आणि त्याच्या बैलाला चारा मिळालाच पाहिजे, एवढंच आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर ओळखपत्र आणि बंदरावर उतरण्याचा परवाना, दोन्ही एकाच पत्र्यावर.

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीहून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. तरीही जगातल्या लाखो खलाशांचा किनाऱ्यावर उतरण्याचा जो प्रश्न आज बंदराबंदरांत अडकून पडला आहे, तो समजून घ्यायला पोहरादेवीइतकी चांगली जागा नाही. इथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीला इथे भरणाऱ्या यात्रेला देशभरातले तांडे येतात, आणि 5 ऑक्टोबर 2024 पासून इथे नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उभं आहे. ज्यांची ही काशी, त्यांचे पूर्वज लदेणी करत. किनाऱ्यावरचं मीठ बैलाच्या पाठीवर घालून देशावर आणायचं आणि देशावरचं धान्य लांबच्या बाजाराला न्यायचं. तांडा म्हणजे जमिनीवरचं गलबतच. कोकणात गलबताच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात. त्या शब्दाचं तांड्याशी नातं असो वा नसो, कामाचं नातं पक्कं आहे. नायक आणि तांडेल दोघेही दुसऱ्याचा माल घेऊन दुसऱ्याच्या दारात जातात, आणि दोघांनाही दारात एकच प्रश्न विचारला जातो: तू कोण?

हा प्रश्न पोलिसांचा वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे. अनोळखी माणूस उंबऱ्याशी आला तर आधी काय करायचं? त्याला ओळखायचं, की त्याला बसायला पाट द्यायचा?

बोटीवरच्या माणसाचं रोजचं जगणं आधी जवळून बघू. करार सहा-सात महिन्यांचा, कधी नऊचा. पायाखाली सतत थरथरणारं लोखंड. इंजिनाचा आवाज इतका अंगात मुरतो की तो थांबला तर झोप मोडते. शेवटी जहाज धक्क्याला लागतं, गँगवेची ॲल्युमिनियमची शिडी खाली सोडतात, तिच्याखाली जाळं बांधतात, तोंडाशी रजिस्टर घेऊन पहारेकरी बसतो. पन्नास पावलांवर जमीन असते. फाटकाबाहेर एखादं झाड, चहाची टपरी, सिमकार्ड विकणारा पोऱ्या. खलाशाच्या खिशात सीडीसीचं पुस्तक असतं. प्रत्येक जहाजावर चढल्या-उतरल्याची तारीख आणि शिक्का त्यात असतो. एखाद्याची वीस वर्षं त्या पानांत मावलेली असतात. आणि इतकं सगळं असूनही कितीतरी बंदरांत त्याला सांगितलं जातं की व्हिसा नाही, शोअर पास नाही, खाली उतरायचं नाही. पूर्वी माल उतरवायला आठवडा लागे, आता कंटेनरचं जहाज दिवसाभरात रिकामं होऊन निघतं. त्या दिवसात परवानगी आली नाही, तर झाड कठड्यावरूनच बघायचं.

आपल्या शास्त्रांनी या प्रसंगाचा विचार केलेला आहे. मनुस्मृतीत अतिथीची जी व्याख्या आहे ती चकित करणारी आहे: एकच रात्र राहतो, कायमचा थांबत नाही, म्हणून तो अतिथी. बंदरावर उतरणाऱ्या खलाशाचं याहून नेमकं वर्णन आजच्या कुठल्या कराराला जमलेलं नाही. त्याला तिथे नोकरी नको, घर नको, नागरिकत्व नको. त्याला चार तास हवे आहेत. पराशरस्मृती पुढे जाऊन बजावते की आलेल्या अतिथीला गोत्र, शाखा, अध्ययन काही विचारू नये, त्याला देव मानावं. रोजच्या पाच महायज्ञांत माणसासाठी म्हणून जो यज्ञ सांगितला, तो अतिथीची सेवा हाच आहे. म्हणजे गृहस्थाने सवडीने करायचा हा उपकार नव्हे, अंगावरचं रोजचं देणं आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाला हे शास्त्र कथेच्या रूपात घरोघरी माहीत आहे. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. गुरुचरित्राचं पारायण इथे किती घरांत होतं, हे सांगायला नको. त्या ग्रंथात पिठापूरच्या सुमतीची कथा येते. घरी श्राद्ध आहे, ब्राह्मणांना आमंत्रण गेलेलं आहे, पानं अजून मांडायची आहेत. दारात एक अनोळखी भिक्षेकरी येऊन उभा राहतो. ज्यांची नावं, गोत्रं, घरं ठाऊक होती, ते निमंत्रित अजून जेवले नव्हते. सुमतीने त्यांच्या आधी या बिननावाच्या माणसाला वाढलं. तो दत्त होता, हे तिला नंतर कळलं. कथेचा सगळा जोर या क्रमावर आहे. आधी ओळख पटून मग भिक्षा मिळाली असती, तर ही कथा झालीच नसती.

छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम हा तर ओळख पटवून देण्याच्या मुलाखतीला बसलेला आपल्या परंपरेतला पहिला मुलगा म्हणायला हरकत नाही. गौतम ऋषी त्याला गोत्र विचारतात. त्याच्याजवळ सांगायला काही नाही. त्याची आई जबाला तरुणपणी दारोदार फिरून सेवा करत होती. त्याचं गोत्र कोणतं हे तिलाच माहीत नव्हतं, आणि तसंच तिने त्याला सांगितलं. मुलगा जसं आहे तसं सांगून टाकतो. गौतम म्हणतात, समिधा घेऊन ये. फिरस्त्या बाईच्या पोराला त्याच्या शब्दावर आत घेतलं गेलं. त्याची ओळख नंतर त्याने स्वतः घडवली.

पण परंपरेची ही एकच बाजू सांगून थांबणं खोटेपणाचं होईल. बौधायन धर्मसूत्राने पतित करणाऱ्या कर्मांची यादी दिली, तिच्या आरंभीच समुद्रप्रवास आहे. पुढे कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या गोष्टींत, हा निषेध पक्का झाला. समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्ताशिवाय पंक्तीत जागा नव्हती, म्हणजे परदेशच्या बंदरावर उतरता येईल, पण स्वतःच्या घरच्या ओटीवर नाही. ज्या मनुस्मृतीने अतिथीची सुंदर व्याख्या केली, तिनेच ब्राह्मणाघरी आलेला क्षत्रिय अतिथी नव्हे असं ठरवलं, आणि वैश्य-शूद्राला नोकरांबरोबर जेवायला बसवलं. गोत्र विचारू नये म्हणताना जात आधीच विचारून झालेली होती. तांडा गावाच्या शिवेवरच उतरायचा, गावात नाही. आतिथ्याचा धर्म आपल्याकडे उंच होता, पण उंबरा ओलांडून बाहेर तो फारसा गेला नाही. हे कबूल केल्यावरच परदेशच्या बंदरांना नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला पोचतो.

मग एकोणिसावं शतक आलं. मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाडातून 1867 साली नागपूरला पोचली. मीठ डब्यांतून येऊ लागलं. बैल रिकामे झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, 1871 साली, गुन्हेगार जमाती कायदा झाला. ज्या ज्या जमाती फिरत होत्या, त्यांच्यावर संशयाची नजर गेली. लमाणांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या, काही तांड्यांवरही हा शिक्का पडला. नोंद झालेल्याने पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची, गाव सोडताना पास घ्यायचा, अंगठ्याचा ठसा द्यायचा. सोलापूरच्या सेटलमेंटला तर काटेरी तारांचं कुंपण होतं.

इथे ताम्रपटाचं खरं रूप कळतं. असफखानाने पाण्याचा आणि गवताचा हक्क दिला, कारण त्याला धान्य हवं होतं. नायक माणूस आहे म्हणून नव्हे, नायकाजवळ बैल आहेत म्हणून. उपयोगाच्या जोरावर मिळालेला हक्क उपयोग संपला की जातो. धान्य वाहणारा सनदी नायक आणि पास मागत ठाण्यात बसलेला गुन्हेगार, दोघे एकाच रक्ताचे होते. बदलली होती ती मालवाहतूक.

ब्रिटनच्या बंदरांत त्याच काळात तीच गोष्ट घडत होती. मुंबईहून, कोकणातून, गोव्यातून हजारो लष्कर, म्हणजे हिंदी खलाशी, इंग्रजी जहाजांवर कोळसा ओढत होते. पहिल्या महायुद्धात मेलेल्या अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. युद्ध संपलं, मंदी आली, आणि 1925 साली ब्रिटिश सरकारने ‘रंगीत परदेशी खलाशी’ आदेश काढला. ब्रिटिश प्रजा असल्याचा कागदोपत्री पुरावा ज्या गौरेतर खलाशाकडे नाही, त्याने परदेशी म्हणून पोलिसांत नोंद करायची. फोटो आणि अंगठा द्यायचा. कार्डिफला किंवा लिव्हरपूलला वर्षानुवर्षं राहणाऱ्या हिंदी माणसाकडे पासपोर्ट कुठून असणार? ज्या साम्राज्यासाठी तो बुडायला तयार होता, त्याच साम्राज्याने त्याला परका ठरवलं. वऱ्हाडातला फिरस्ता आणि कार्डिफचा खलाशी एकमेकांना कधी भेटले नसतील, पण शाई एकाच दौतीतली होती.

यावर एक खरीखुरी हरकत आहे आणि मराठी वाचकाच्या मनात ती आधीच आली असेल. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहा जण समुद्रातूनच आले. ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट बळकावून, तिचा तांडेल मारून, ते कुलाब्याच्या मच्छीमार नगरात उतरले. त्या रात्री उंबऱ्यावर कुणी तरी ‘तू कोण’ असं विचारायला हवं होतं, हे कोण नाकारेल? यजमानालाही आपलं घर राखण्याचा धर्म आहे. पण त्या दिवसाची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मारेकऱ्यांकडे ओळखपत्रं होती. बनावट होती, पण होती. कार्ड दाखवण्यात सगळ्यात तयार तोच असतो, ज्याने खोट्याची तयारी केलेली असते. कागद नसलेला माणूस बहुतेक वेळा गरीब असतो, एवढंच.

जगाने या पेचातून वाट काढायचा एक प्रामाणिक प्रयत्न केला आहे. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर, 2003 साली, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने खलाशांच्या ओळखपत्राचा करार क्रमांक 185 मंजूर केला. 1958 च्या जुन्या कराराची ही कडक आवृत्ती. सौदा सरळ आहे: खलाशाने बनावट करता येणार नाही असं ओळखपत्र बाळगायचं, आणि त्या बदल्यात बंदरावर उतरायला त्याच्याकडे व्हिसा मागायचा नाही. त्यातली दोन कलमं तत्त्वचिंतकाने लिहावीत अशी आहेत. एक, ओळखपत्र खलाशाच्या स्वतःच्या ताब्यात राहील. कप्तानाला ते जपून ठेवायचं असेल तर खलाशाची लेखी संमती हवी. दोन, कार्डात जी माहिती डोळ्यांना दिसत नाही, ती वाचून बघण्याची सोय खलाशाला मिळाली पाहिजे. आपल्याबद्दल काय लिहून ठेवलं आहे, हे वाचण्याचा हक्क. ठाण्यातल्या वहीत आपल्या नावापुढे काय खरडलं आहे, हे तांड्यातल्या माणसाला कधी वाचता आलं होतं?

भारताने हा करार 2015 साली स्वीकारला, आणि 2019 साली चेहऱ्याच्या बायोमेट्रिक नोंदीवर चालणारं खलाशी ओळखपत्र देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. अंगठ्याच्या जागी चेहरा आला. याचा अभिमान वाटावा असंच ते आहे. 2018 पासून सागरी वाहतुकीच्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय करारानेही राष्ट्रीयत्व, वंश, रंग, धर्म पाहून खलाशाला किनारा नाकारायला बंदी केली आहे. पण सौद्याला दोन बाजू लागतात. कामगार संघटनेच्या 187 सदस्य देशांपैकी 185 क्रमांकाचा करार मान्य करणारे जेमतेम पस्तीस-चाळीस आहेत. अमेरिका त्यांत नाही. तिथे खलाशाकडे स्वतःचा व्हिसा नसेल तर तो जहाजावरच राहतो, हातात कितीही उत्तम कार्ड असो. आपण चेहरा दिला, त्यांनी दार उघडलं नाही.

2020 मध्ये कागद पूर्ण असूनही काय होतं ते दिसलं. महामारीत चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले. ‘जग आनंद’ हे कोळशाचं जहाज त्या वर्षी जूनपासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगरून होतं, त्यावर 23 भारतीय. ‘ॲनास्तासिया’वर आणखी 16. किनारा नजरेच्या टप्प्यात, आणि पाय टेकायला परवानगी नाही. ते घरी परतले 2021 उजाडल्यावर. 2020 मध्येच अनेक सरकारं खलाशांना ‘अत्यावश्यक कामगार’ म्हणू लागली. शब्द गौरवाचा आहे, तरी ताम्रपट आठवल्यावर तो पुरेसा वाटत नाही. अत्यावश्यक म्हणून दार उघडायचं, तर अनावश्यक झाल्यावर ते बंद करायचं का? सुमतीच्या दारातला माणूस तिच्या कसल्याही उपयोगाचा नव्हता. तो उपाशी होता आणि दारात होता, त्याच्या हक्काला एवढं कारण पुरलं.

हे सगळं वाशीमच्या शेतकऱ्यापासून दूर आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने सोयाबीनच्या पेरणीआधी खताच्या पोत्याकडे बघावं. पोटॅश भारतात जवळजवळ पिकत नाही. ते जहाजाने येतं, कॅनडातून, रशियातून, जॉर्डनमधून. रिसोडच्या नाहीतर मालेगावच्या रानात पडणारी लाल-पांढरी पोटॅश ज्याने समुद्रापलीकडून आणली, तो कुणी फिलिपिनो, कुणी युक्रेनी, कुणी रत्नागिरीचा असेल. आपल्या मिठासाठी नायकाचे बैल जसे घाट चढत होते, तसाच तोही आपल्या शेतासाठी येतो. आपल्या बंदरांत येणाऱ्या परक्या खलाशाला फाटकाबाहेर चहा प्यायला जाता येतं का, याची चौकशी करणं हा म्हणून वाशीमकराचाही धर्म आहे.

आणि दुसरी चौकशी घराजवळची. गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींच्या यादीत आहेत. त्यातल्या मुलाला जातीचा दाखला आणि वैधता हवी असेल तर 21 नोव्हेंबर 1961 या दिवशी त्याचं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, असा पुरावा द्यावा लागतो. आजोबांची शाळेतली दाखल-खारीज नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचा उतारा. वसंतराव नाईकांसारखा गहुलीच्या तांड्यातला माणूस अकरा वर्षं राज्याचा मुख्यमंत्री झाला, आणि अनेक तांडे तेव्हाच शाळा-शेतीत स्थिरावले. त्यांचे कागद निघतात. पण ज्यांचे आजोबा तेव्हाही पालं घेऊन फिरत होते, शाळेत गेले नाहीत, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्यांचा पोरगा सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहून काय दाखवणार? विमुक्त-भटक्यांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने 2008 मध्येच हे दुखणं केंद्र सरकारपुढे मांडलं होतं.

या मुलाला गौतम ऋषींनी विचारलं तसं विचारावं आणि त्याचं ऐकून घ्यावं. कागद पुरेना तर दक्षता पथकाने घरी जाऊन चौकशी करण्याची तरतूद नियमांत आहे. ती शेवटची शिक्षा म्हणून न वापरता पहिली मदत म्हणून वापरावी, तांड्यातल्या म्हाताऱ्याची साक्ष पुरावा म्हणून लिहून घ्यावी. जुने पुरावे शोधण्याचं ओझं अठरा वर्षांच्या पोरावर न टाकता महसूल आणि पोलीस खात्याने आपापली दप्तरं आधी उघडावीत. कारण या जमातींतली माणसं कुठल्या रात्री कुठल्या गावात होती, याची रोजची नोंद कुणी ठेवली असेल तर ती सरकारने ठेवली. हजेरीच्या त्या वह्या सरकारच्याच होत्या.